साठ टक्क्यांवर अडलेले फोन

फोन दिला आणि "होणार नाही" असं ऐकून कोणी परत गेलं, असं आमच्या दादाच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात वीस वर्षांत घडलं नाही. त्याचा त्याला भारी तोरा. बॅटरी फुगलीय का, हे तो फोन न उघडताच सांगायचा. काउंटरच्या काचेवर फोन ठेवून बोटाने गिरकी द्यायचा. सपाट पाठीचा फोन जागीच अडायचा, फुगलेला गरगर फिरायचा. मी त्याची धाकटी बहीण. गिऱ्हाइकं मी बघते आणि दादाशी भांडणंही माझ्याकडेच असतं.

मध्यंतरी एकाच मॉडेलचे फोन यायला लागले. तक्रार एकच, चार्जिंग साठ टक्क्यांच्या पुढे जात नाही. ते कंपनीनेच अडवलं होतं. त्या फोनच्या बॅटऱ्या पेट घेत होत्या, म्हणून सगळे परत मागवले होते, आणि लोक देईपर्यंत निदान पूर्ण चार्ज होऊ नयेत अशी सोय केली होती. दादाने हे वाचलं होतं, बरं का. पण आमच्या धंद्यात कंपनीवर विश्वास कोण ठेवतो? जुना फोन मुद्दाम मंद करायचा आणि नवा गळ्यात मारायचा, ही त्यांची थेरं आम्ही कमी पाहिलीत का? दादाने एकेक फोन काचेवर फिरवला. एकही फिरला नाही. मग त्याने जुनं सॉफ्टवेअर टाकलं आणि फोन पुन्हा शंभर टक्के चार्ज व्हायला लागले. लोक खूश झाले. मीही दादाची पाठ थोपटली, खोटं कशाला बोलू.

एका सकाळी टॅक्सीवाले मामा आले आणि त्यांनी वितळलेला फोन काउंटरवर ठेवला. गाडीत चार्जिंगला लावला होता. ते थोडक्यात वाचले होते. दादाच्या तोंडचं पाणी पळालं. बॅटरी न फुगताही पेटू शकते, हे त्याच्या गिरकीला कळणारच नव्हतं. "असे किती दिले आपण?" एवढंच त्याने विचारलं. मी आठवून सांगितलं, नऊ.

दुकान बंद करून आम्ही निघालो. फोन लावून लावून ज्यांना गाठता आलं त्यांना तो लगेच बंद करून ठेवायला सांगितलं, बाकीच्यांच्या दारात जाऊन उभे राहिलो. कोणी हसलं, कोणी शिव्या घातल्या. एकाने तर "तूच नीट केलास ना?" म्हणून द्यायलाच नकार दिला, दादाने त्याचे पाय धरले. शिवणकाम करणाऱ्या काकू फोन उचलत नव्हत्या. मशीन चालू असलं की त्यांना रिंग ऐकू येत नाही, हे आम्हाला माहीत होतं. त्यांचं घर दुकानामागच्या गल्लीतच, म्हणून त्यांना शेवटी ठेवलं.

संध्याकाळी पोचलो तेव्हा काकूंचा उजवा हात कोपरापर्यंत बँडेजमध्ये होता. दुपारी मशीनजवळ चार्जिंगला लावलेला फोन पेटला, शेजारच्या कापडाने आग धरली, आणि ती त्यांनी हाताने दाबली. दोन बोटं पुन्हा वाकतील याची डॉक्टरांना खात्री नव्हती. शिवणाऱ्या बाईचा उजवा हात. मला रडू आवरेना.

दोष बॅटरीचा आहे, सगळं स्वतःवर घेऊ नकोस, असं मी वाटेत दादाला दहादा बजावलं होतं. तो त्यातलं काही बोलला नाही. "काकू, कंपनीने अडवलं होतं ते मी काढलं. चूक माझी आहे," म्हणाला.

काकू शांतपणे म्हणाल्या, "ठाऊक आहे रे मला. मी फोन परत द्यायलाच निघाले होते. कंपनीचं पत्र हातात होतं. म्हटलं, आधी तुला विचारावं. तू म्हणालास, फाडून टाका."

दादाला काही आठवेना. तो नुसता त्यांच्या हाताकडे बघत बसला. मला मात्र आठवलं. दादा आतून बोलला होता, पण काकूंच्या हातातून पत्र घेऊन ते मीच फाडलं होतं, हसत हसत. काकूंनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि माझं नाव घेतलं नाही. मीही घेतलं नाही.