पाहुणचारातला चहा

कायम नोकरीच्या आड नववीत सोडलेली शाळा येईल असं वाटलं होतं. आली नाडी. घरोघरी पाण्याचे फिल्टर दुरुस्त करायला बीजगणित लागत नाही, हे एजन्सीने मान्य केलं. पण फिटनेसचा दाखला हवाच म्हणाले. नालासोपाऱ्यातल्या डॉक्टरीणबाईंनी मला थोडा वेळ शांत बसवलं आणि मनगट धरलं.

"पळत आलात का?"

"नाही मॅडम, कधीचा बसलोय."

बसल्या बसल्या शंभराच्या पुढे. मग प्रश्न सुरू झाले. झोप? होते. ताप, खोकला? नाही. सिगारेट? ती कॅनमधली एनर्जी ड्रिंक? नाही. कसली काळजी? हिंगोलीकडचं गाव सोडून समुद्राकाठी राहणाऱ्याला हे विचारायचं असतं का? मी "नाही" म्हटलं. चहा? "दोन." एक सकाळी, एक संध्याकाळी, माझ्या शेगडीवरचे.

थायरॉईड आणि हिमोग्लोबिन तपासायला लावलं. दोन्ही चांगले निघाले आणि मी हबकलो. साधा आजार असता तर साधी गोळी असती. काहीच नाही म्हणजे हृदयच. पत्र्यावर नारळ पडला तरी मी आधी गळ्याशी बोटं लावून बघायचो.

नंदाखालला ज्यांच्या वाडीत मी भाड्याने राहतो, त्या आंटी घरात त्यांची बोली बोलतात आणि माझ्याशी चर्चमध्ये वाचतात तसली मराठी. त्यांनी संध्याकाळच्या रोझरीत माझ्या हृदयासाठी प्रार्थना केली. देवाने ऐकली की नाही माहीत नाही, पार गास गावापर्यंत सगळ्यांनी ऐकली. विरारच्या फ्लॅटमध्ये जाळीच्या दारातूनच विचारतात, किती वेळ लागेल. इथल्या वाड्यांत फिल्टर उघडायच्या आधी कप पुढे येतो. आता त्यात कीव मिसळली, म्हणजे आलंही जास्त आणि पत्तीही. गावाहून निघताना आईने बजावलं होतं, कुणाच्या दारात चहाला नाही म्हणू नकोस, त्यांना वाईट वाटतं. मी म्हणत नव्हतो.

दुसऱ्या खेपेला आंटी बरोबर आल्या. "एकटा गेलास तर घाबरून आणखी वाढवशील." नाडी तिथेच होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हृदयाच्या डॉक्टरांना दाखवावं लागेल, तोवर दाखला नाही. एजन्सी तर आठवड्याच्या वर थांबणार नव्हती.

आंटींना वाटलं, माझ्या चारित्र्यावर शंका आहे. "डॉक्टर, पोरगा गुणाचा आहे हो! दारू नाही, तंबाखू नाही. कुणाच्या घरचा चहा टाकत नाही. सकाळपासून दारोदार फिरतो, पोट भरलेलं असलं तरी घेतो."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "दारोदार? तुम्ही तर दोन म्हणालात."

"ते माझे," मी म्हटलं. "बाकीचे त्यांचे."

"आणि प्यायले कुणी?"

आमच्याकडे दुसऱ्याच्या घरचा चहा पिण्यात धरत नाहीत. तो मान असतो.

"पाणी किती पिता?"

पाणी मी दिवसभर लोकांचं शुद्ध करत होतो. प्यायचं राहून जायचं.

"चहा कमी करत आणा, पाणी वाढवा. आठवड्याने या. नाही उतरली तर मात्र पुढे जावंच लागेल."

त्या रविवारी मिस्सानंतर चर्चच्या अंगणात आंटींनी जाहीर केलं, "माझ्या भाडेकऱ्याला कुणी चहा द्यायचा नाही." नाही म्हणायची वेळ माझ्यावर आलीच नाही. बिचाऱ्याला चहासुद्धा बंद, म्हणून कीव दुप्पट झाली आणि प्रत्येक वाडीत माझ्यासाठी शहाळं सोलून तयार. आठवड्याने गेलो तेव्हा ते मी डॉक्टरीणबाईंनी विचारायच्या आधीच सांगितलं, घरागणिक मोजून. त्या हसल्या, "उतरली" म्हणत मनगट सोडलं आणि दाखल्यावर सही केली.

दाखला घेऊन परतलो तर आंटींनी आधण ठेवलेलंच होतं. कप पुढे करता करता त्यांचा हात थांबला.

"हा मोजायचा का रे?"

"मोजायचा," मी म्हटलं, आणि दोन्ही हातांनी घेतला.