लढाईत न गेलेला पाय

माझा मामा एकवीस वर्षं सैन्यात ट्रक चालवत होता. घरी परतला तेव्हा त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली नव्हता. पुढे त्यानं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान टाकलं. गाडीनं कुठे निघालो की हा ड्रायव्हरशेजारी बसणार आणि पोचेपर्यंत त्याचं डोकं खाणार. आम्ही त्याला रेडिओ म्हणायचो. पाय कसा गेला, हे घरात कुणी त्याला विचारलं नाही. उत्तर मामीच द्यायची: लढाईत, गोळीबारात. शेजारणींना, माझ्या शाळेतल्या बाईंना, दूधवाल्यालासुद्धा. मामा तिथेच पेपर वाचत बसलेला असायचा.

मी फुटबॉल क्लबच्या तिकीट ऑफिसात आहे. हंगामातल्या शेवटच्या सामन्याच्या मध्यंतरात पाच माजी सैनिकांचा सत्कार ठरला, तेव्हा मामाचा फॉर्म मीच भरला. माहिती मामीकडून घेतली आणि त्याला न दाखवता देऊन टाकला. तो नको म्हणाला असता, म्हणून हा शहाणपणा. त्याला एवढंच सांगितलं की सगळ्यांबरोबर मैदानात जाऊन उभं राहायचं आहे.

मध्यंतराला पाच मिनिटं असताना आम्ही मैदानाकडे जाणाऱ्या बोळात उभे होतो. वर प्रेक्षक पाय आपटत होते, भिंत हादरत होती. निवेदकाच्या हातातला कागद मामानं सहज मागून घेतला, चष्मा लावला आणि दोनदा वाचला.

"हे कुणी लिहिलं?"

मी म्हटलं, मी. त्यानं मला बाजूला घेतलं. आवाज अगदी हळू होता. त्या दिवशी लढाई वगैरे काही नव्हती, तो म्हणाला. दोघं पिठाची पोती घेऊन चालले होते. स्टिअरिंगवर त्याला डुलकी लागली आणि ट्रक दरीत गेला. याचा पाय गेला. शेजारी बसलेला जोडीदार जागीच गेला, तेवीस वर्षांचा.

मी निवेदकाकडे धावले, लढाईची ती ओळ गाळा म्हणून हातापाया पडले. तो म्हणाला, पडद्यावर सगळं आधीच चढलंय, आता काही होत नाही. मग मी जे केलं त्याची मला आजही लाज वाटते. मला नोकरी दिसत होती, वर बसलेली मामी दिसत होती. मी मामाला म्हटलं, "तू फक्त हात हलव आणि ये. कुणाला कळणार आहे?"

त्यानं चष्मा काढून खिशात ठेवला. शिट्टी झाली आणि पाचही जण बाहेर गेले.

प्रत्येकानं माइकवर एक वाक्य बोलायचं होतं. मामा शेवटचा. पडद्यावर त्याचा चेहरा आला, खाली माझं वाक्य आलं आणि अख्खं स्टेडियम उठून उभं राहिलं. मी मनात म्हणत होते, आभार मान आणि ये, बाबा. त्यानं टाळ्या थांबायची वाट पाहिली.

"पाय लढाईत गेला नाही. ट्रक मी चालवत होतो आणि मी झोपलो. माझ्या शेजारचा मेला." मग त्यानं त्या मुलाचं पूर्ण नाव घेतलं, सैन्यातल्या नंबरासकट, आणि माइक परत दिला.

लोक उभेच राहिले. बसावं की टाळ्या वाजवाव्यात, कुणालाच सुचेना. एकानं कुठूनतरी शिवी हासडली. मामा लंगडत अख्खं मैदान ओलांडून परत आला.

बोळाच्या तोंडाशी मामी पोचली होती. जिने धावत उतरल्यानं तिला धाप लागली होती. ती रडत नव्हती, संतापली होती.

"तीस वर्षं मी जगाला सांगत सुटले. तुम्ही समोर बसून ऐकत होतात. एकदा तरी मला गप्प का नाही केलंत?"

मामानं भिंतीला हात टेकला.

"तुझ्या गोष्टीत," तो म्हणाला, "माझ्या पायाशिवाय दुसरं काही जात नव्हतं."