मालगुंडची पंधरा दिवसांची खोली

कोकणात कुठे राहावं, असं मला बरेच जण विचारतात. कोल्हापूरची असूनही मी रत्नागिरीबद्दल एवढं बोलते, म्हणून विचारत असतील. आज तिकडे हॉटेलं आणि घरगुती खोल्या भरपूर आहेत, फोनवरूनही ठरवता येतात. मी पहिल्यांदा खोली शोधायला गेले ते ऐंशीच्या दशकातल्या एका मे महिन्यात. सोबत माझे वडील होते, आणि आम्हा दोघांना त्या वेळी धड घर नव्हतं.

आबा साखर कारखान्यात टर्नर होते. निवृत्त झाल्यावर समुद्राजवळ राहायचं, हा त्यांचा आणि आईचा बेत. आई रत्नागिरीची. बेत पुरा व्हायच्या आधीच ती गेली. आबांनी तरीही रत्नागिरीत नाचणे रस्त्याला लहानसं घर बांधायला काढलं आणि कारखान्याच्या गावातलं आमचं जुनं घर विकून टाकलं. घेणाऱ्यांना अक्षय्यतृतीयेला गृहप्रवेश करायचा होता, त्यामुळे आम्हाला बाहेर पडणं भाग होतं. मी कोल्हापुरात शिक्षिका. शाळेजवळ भाड्याच्या एका खोलीत राहायचे, तिथे आबांची सोय होण्यासारखी नव्हती. कंत्राटदाराचं पत्र आलं, "घर तयार आहे, या." सुट्टी होतीच. सामान टेम्पोने पुढे पाठवलं आणि आम्ही सकाळची एसटी धरली.

तो रस्ता आजही मला फार आवडतो. मलकापूरपर्यंत उसाची शेतं, मग आंबा घाटाची थंड हवा. घाट उतरून साखरप्याला आलं की अंगाला घामाची चिकचिक सुरू होते आणि कडेची माती लाल होते. आबा खिडकीशी बसले होते. पालीला गाडी थांबली तेव्हा त्यांनी करवंदांचा द्रोण घेतला आणि सवयीने त्याचे तीन वाटे केले. मग तिसरा वाटा माझ्या ओंजळीत घातला.

रत्नागिरीला पोचून घर पाहिलं. भिंती उभ्या होत्या, कौलं चढली होती. पण दारं नव्हती, जमीन झालेली नव्हती आणि आमचं सामान अंगणात ताडपत्रीखाली पडलं होतं.

"पंधरा दिवस द्या," कंत्राटदार म्हणाला. "पावसाच्या आत तुम्हाला आत घालतो."

स्टँडजवळच्या तिन्ही लॉजमध्ये विचारलं. मे महिना, मुंबईकर गावी आलेले, आंब्याचे व्यापारी उतरलेले. एका ठिकाणी दोन रात्री मिळाल्या, तेही जिन्याखालच्या खोलीत. आबा रात्रभर खोकत होते. दुसऱ्या दिवशी चहा पिताना मी टपरीवाल्याला सहज विचारलं, तर तो म्हणाला, "मालगुंडला माझी मावशी आहे. मुलगा मुंबईला असतो, त्याची खोली रिकामी. पण ती लॉज नाय चालवत. तुमी तिला पसंत पडलात तर ठेवील."

तेव्हा आरे-वारेचा किनाऱ्याचा रस्ता नव्हता. आता जाणार असाल तर त्याच रस्त्याने जा, तासाभरात पोचाल आणि वाटेतला समुद्र पाहून जीव निवेल. आम्ही निवळीहून, जाकादेवीवरून, हाडं खिळखिळी करत गेलो.

घर नारळी-पोफळीच्या आगरात होतं. टपरीवाल्याची मावशी, सुभद्राकाकू, ओटीवर सुंगटं म्हणजे कोळंबी सोलत बसल्या होत्या. त्यांचे यजमान काशीराम पूर्वी मासेमारीच्या मचव्यावर तांडेल, म्हणजे खलाशांचे म्होरके होते. आता गुडघ्यांमुळे घरी असत आणि जाळी दुरुस्त करत. काकूंनी आम्हाला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"किती दिवस?"

"पंधरा," मी म्हटलं.

"कॅलेंडरातले की कंत्राटदाराचे?"

आबा हसले. आई गेल्यापासून ते असे हसलेले मी पाहिले नव्हते. काकूंनी हात धुतले आणि खोली उघडली. खोलीला वेगळं दार होतं, शेणाने सारवलेली जमीन, एक खाट आणि एक खिडकी. भाडं माफक होतं. जेवणाचं वेगळं काही ठरलं नाही, "जे शिजेल ते" एवढंच.

सकाळी पेज आणि भाजलेला पापड, दुपारी भात आणि माशाचं कालवण, गुरुवारी कुळथाचं पिठलं. कालवणावर सोलकढी प्यायल्यावर आबांचा कोल्हापुरी तिखटाचा हट्ट चार दिवसांतच सुटला. काशीरामकाका आणि आबा यांचं मात्र रोज भांडण व्हायचं. विहिरीवरचा पंप कुरकुरतो तो वंगण नसल्यामुळे की बेअरिंग गेल्यामुळे, यावर एक अख्खी सकाळ गेली. शेवटी दोघांनी मिळून पंप उघडला, आणि मग दोघांनाही तो नीट बसवता येईना. त्या दिवशी काकूंनी आणि मी रहाटाने पाणी ओढलं.

"दोन म्हातारे घरात असले की हे असं व्हायचंच," काकू म्हणाल्या.

मी एक दिवसाआड रत्नागिरीला जाऊन कंत्राटदाराच्या मागे लागायचे. एकदा पहाटेच्या गाडीने जाऊन, सुताराला समोर बसवून दारं लावून घेतली आणि दुपारच्या गाडीने परतले, तर ओटीवर चारपाच माणसं जमलेली. मी त्यांच्यातून वाट काढत धावले. आत आबा खाटेवर होते, काशीरामकाका त्यांचे तळवे चोळत होते आणि सकाळपासून दुसऱ्यांदा आलेले गावातले डॉक्टर इंजेक्शनची पेटी मिटत होते.

"आता बरे आहेत," डॉक्टर म्हणाले. "रक्तदाब फार खाली गेला होता. आणखी उशीर झाला असता तर कठीण होतं."

आबा सकाळी उठताना चक्कर येऊन खाटेशीच पडले होते. हाक मारायलाही आवाज निघत नव्हता.

"तुम्हाला कळलं कसं?" मी काकूंना विचारलं.

"चायला आले नाय. मी दोनदा हाक मारली. मंग ह्यांना सांगितलं, दार ढकला."

एवढंच सांगून त्या आबांसाठी पेज गाळायला गेल्या. मी खिडकीशी उभी राहून खूप रडले. काकूंनी ते पाहिलं असावं, कारण त्या बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

आठवड्याभरात आबा हिंडू-फिरू लागले आणि घरही तयार झालं. पंधराचे जवळजवळ तीस दिवस झाले होते. निघताना काकूंनी मला फणसपोळी दिली आणि आबांना सुकी खारी मासळी बांधून दिली. काशीरामकाका जाळ्यातून मान वर न करता म्हणाले, "या परत."

नवं घर खरंच छान झालं होतं. मागच्या दारातून गच्च आमराई दिसायची. आम्ही दिवसभर सामान लावलं, आईचं शिलाई मशीन खिडकीखाली ठेवलं. संध्याकाळी शेजारी भेटून गेले. सकाळी मी चहा केला तर आबा आंघोळ करून, कपड्यांची पिशवी भरून ओटीवर बसलेले.

"शैला, मी मालगुंडला जातो."

मला वाटलं, काही विसरलंय.

"राहायला," ते म्हणाले.

मला फार राग आला. आयुष्यभराची कमाई या घरात घातली होती. लोक म्हणणार, मुलीने बापाला परक्याच्या दारात ठेवलं. मी हे सगळं बोलले. आबांनी ऐकून घेतलं.

"तू चार दिवसांनी कोल्हापूरला जाशील. मग एखाद्या सकाळी मी उठलो नाही, तर इथं कुणाला कधी कळेल?"

"कामाला बाई लावू आपण."

"ती दहाला येणार. तिकडं चहाच्या वेळेला कळतं." मग त्यांनी खिडकीखालच्या मशीनकडे पाहिलं. "हे घर तुझ्या आईसोबत राहायला बांधलं होतं गं. एकट्याला फार मोठं आहे."

मी घराला कुलूप लावलं. आम्ही दोघं परत मालगुंडला गेलो. आबांनी काकूंना विचारलं तेव्हा त्यांचा आवाज नोकरी मागायला आलेल्या माणसासारखा बारीक झाला होता. काकू लगेच हो म्हणाल्या नाहीत.

"गणपतीत मुलगा-सून येतात. तेव्हा खोली त्यांची."

"तेव्हा मी रत्नागिरीला माझ्या घरी राहीन."

"आणि शिमग्याला?"

"शिमग्यालाही."

काकूंनी नवऱ्याकडे पाहिलं. काशीरामकाका म्हणाले, "पंप परत कुरकुरतोय."

असं ते ठरलं. आबा पुढे त्यांच्या अखेरपर्यंत त्याच खोलीत राहिले, आणि स्वतःच्या बांधलेल्या घरी वर्षातून दोनदा पाहुण्यासारखे गेले. त्या घराची एक खोली आम्ही त्यांच्यासाठी ठेवली, बाकीचं बदलीवर येणाऱ्या कुटुंबांना भाड्याने देत राहिलो. शेवटच्या आजारातही आबांच्या उशाशी काकू होत्या. त्यांची सून तेव्हा मला वन्सं म्हणू लागली होती, ती आजही म्हणते.

त्या जूनमध्ये मी एकटीच एसटीने परतले. घाट चढताना सारखं वाटत होतं, माणूस चुकीच्या ठिकाणी सोडून आले की काय. कोल्हापुरात उतरले तेव्हा दिवेलागण झाली होती. माझ्या खोलीचं कुलूप काढलं. महिनाभर बंद असलेल्या खोलीचा वास आला. पिशवी ठेवली, दिवा लावला आणि खाटेवर बसले. मी आल्याचं कुणालाच ठाऊक नव्हतं. सहा वर्षं मी त्या खोलीत राहत होते आणि हे मला कधी जाणवलंच नव्हतं.

माझ्या वरच्या मजल्यावर घरमालकीणबाई एकट्याच राहायच्या. आमचं बोलणं भाडं देण्यापुरतं. मी काकूंच्या फणसपोळीचा एक तुकडा कागदात गुंडाळला, जिना चढले आणि त्यांची कडी वाजवली.

"कोण आहे?" आतून जरा घाबरल्यासारखा आवाज आला.

"मी शैला, खालची," मी म्हटलं. "आले, एवढंच सांगायला आले होते."