धुमाळांची वीरगळ

शेवंता गेल्याचं भिकाजी निकमांना कळलं ते पिठाच्या गिरणीत. दळण अर्धं झालं होतं. गिरणीवाल्यानं फोन कानाला लावला, त्यांच्याकडं पाहिलं आणि चालू गिरणी बंद केली. तेवढ्यावरूनच ते काय समजायचं ते समजले.

आता माघ लागलाय. दुपारचं ऊन कलतंय. गडाखालच्या रणमाळावर भिकाजी बाकावर बसलेत आणि त्यांचे डोळे जड होताहेत. इथं एकेकाळी दिवसभरात शेकडो माणसं कापली गेली म्हणतात. आता फरसबंद पायवाटा आहेत, बहाव्याच्या झाडांना नावाच्या पाट्या आहेत, माणसं सावकाश फिरतात. वाटेच्या कडेनं अकरा वीरगळी ओळीनं उभ्या आहेत, त्या लढाईत पडलेल्यांच्या. त्यातली एक शेवंताच्या माहेरची, धुमाळांची. माहेरी कुणी उरलं नव्हतं, म्हणून दर माघात तीच येऊन दगडाला आंघोळ घालायची, तेल लावायची. भिकाजी सोबत यायचे आणि याच बाकावर, तिकडं पाठ करून, तंबाखू मळत बसायचे. छत्तीस वर्षं.

आज ते एकटेच तेलाची बाटली घेऊन आले. सगळे दगड सारखेच. खाली लढाई, मध्ये अप्सरा, वर पिंडी. तिसरा जरा तुकतुकीत दिसला, म्हणून त्याला तेल चोळलं. तर राखणदार लगबगीनं आला.

"बाबा, ही जगदाळ्यांची. दुसऱ्या घरच्यानं हात लावायचा नसतो इथं. तुमची कोणती?"

भिकाजींनी सगळ्या ओळीवरून नजर फिरवली, बाटलीला बूच लावलं आणि ते बाकावर येऊन बसले.

बाकाची दुसरी बाजू जरा दबते.

"सरका की थोडं," शेवंता म्हणते. अंगावर घरात नेसायचं जुनं लुगडं आहे.

"तू कधी आलीस?"

"मघाशीच. जगदाळ्यांच्या आजोबाचं अंग चोळत होता, ते बघत होते."

भिकाजींना हसू येत नाही. "अगं, तुमची कोणती तेवढं सांग."

"छत्तीस वर्षांत कधी विचारावंसं वाटलं नाही?"

"मला वाटायचं, तू आहेस की."

ती उठून चालू लागते. ते मागोमाग जातात. पायवाटेवर पीठ सांडलेलं आहे, पाऊल रुतेल एवढं. बहाव्याच्या पलीकडं त्यांचं स्वयंपाकघर आहे, पण वर छप्पर नाही. ओट्याला लागून अकरा दगड उभे आहेत आणि शेगडीवर पातेल्यात पाणी तापतंय.

"त्या दिवशी मी घरात असायला हवा होतो," भिकाजी म्हणतात.

"मीच पाठवलं ना तुम्हाला. डब्यात पीठ नव्हतं."

"तेव्हाच बरं वाटत नव्हतं का तुला?"

"नव्हतं जरा." ती पाण्यात बोट बुडवून बघते. "सांगितलं असतं तर गेला असता?"

"नसतो गेलो."

"मग रात्री खाल्लं काय असतं?"

त्या रात्री घरात कुणीच जेवलं नव्हतं, हे तिला सांगावं की नाही, ते त्यांना समजत नाही.

"या इकडं," ती म्हणते. "ही डोळ्यांनी ओळखू येत नाही. आजीनं मला डोळे झाकूनच दाखवली होती."

ती त्यांच्या डोळ्यांवर एक हात ठेवते. दुसऱ्या हातानं त्यांचा उजवा हात धरून दगडावर टेकवते. वरून कोमट पाणी येतं, बोटांमधून मनगटाकडं ओघळतं.

"काय लागतंय हाताला?"

"खाच आहे. मग कोर."

"अजून खाली. घाई नका करू."

"शेवंता, डावीकडून कितवी ही?"

"मोजते. एक," ती म्हणते. "दोन."

राखणदाराची शिट्टी वाजते. बाग बंद व्हायची वेळ झालीय. भिकाजी बाकावर एकटेच आहेत. उजवा हात मनगटापर्यंत ओला आहे, सदऱ्याची बाही कोपरापर्यंत चिकटलीय आणि पाणी अजून कोमट आहे. त्यांनी पाणी आणलंच नव्हतं.

ते ओळीच्या टोकापासून चालत जातात. ओला हात प्रत्येक दगडासमोर धरतात, पण टेकवत नाहीत. सातव्या दगडापाशी पोचेपर्यंत वाऱ्यानं हात गार पडतो, अकराव्यापाशी कोरडा होतो.

"चला, बाबा," राखणदार म्हणतो.

बाटलीत अजून अर्धं तेल आहे. धुमाळांच्या वीरगळीला यंदा तेल लागलेलं नाही.