मामाची शोकेस

आमच्या मामाइतका उशीचा विचार या भूतलावर दुसऱ्या कुणी केला असेल, असं मला तरी वाटत नाही. बाकीची माणसं उशीवर डोकं ठेवून जगाचा विचार करतात; मामा जगाच्या पाठीवर कुठंही असला तरी विचार उशीचाच करतो. तेराव्याला गेला तरी गेलेल्या माणसाच्या फोटोला नमस्कार करून झाला की त्याची नजर हळूच कोपऱ्यातल्या बाजेकडं वळते आणि परतीच्या वाटेवर तो मामीला सांगतो, "उशी लय उंच होती त्यांची. मान अवघडूनच गेला बिचारा." डॉक्टरांनी भले हृदयविकार लिहिलेला असो. मामाच्या मते माणसाचे निम्मे आजार उशीतून येतात आणि उरलेले निम्मे गादीतून.

गंगाखेडला बसस्थानकामागच्या गल्लीत मामाचा गादी कारखाना आहे. कारखाना आपला पाटीवर. गंगाखेडात कारखाना म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं उसाच्या ट्रॉल्यांची रांग येते. मामाच्या कारखान्यात कापूस पिंजायचं एक यंत्र, एक शिलाई मशीन, एक मामी आणि हवेत बारा महिने तरंगणारा कापूस एवढाच ऐवज आहे. या कापसामुळं मामाच्या भुवया विशीतच पांढऱ्या झाल्या. डोकं मात्र काळंभोर, कारण रोज सकाळी पळीभर खोबरेल तेल टाळूवर थापल्याशिवाय त्याचा दिवस उजाडत नाही. डोक्याला इतकं तेल, आणि तेलाच्या डागाचा मात्र असा वैरी की विचारू नका. कुणाकडं मुक्कामाला गेला की आधी खांद्यावरची दस्ती उशीवर पसरणार, चारी कोपरे ओढून नीट करणार आणि मगच डोकं टेकवणार. सासुरवाडीतही त्यानं हा नेम मोडला नाही. जावईबापूंना आमच्या उशा घाण वाटतात की काय, म्हणून मामीची आई वर्षभर खट्टू होती म्हणे.

या वैराचं मूळ माझ्या आईच्या लग्नात आहे. आई मामाची थोरली बहीण, म्हणजे त्याची अक्का. तिचं लग्न ठरलं तेव्हा मामा वीस वर्षांचा होता आणि नुकताच गादीकामाला लागला होता. अक्काच्या आंदणातल्या दोन उशा त्यानं हट्टानं स्वतः केल्या. त्याच्या आयुष्यातल्या त्या पहिल्या उशा. कापूस तीनदा पिंजला, पांढऱ्याशुभ्र कापडाची खोळ शिवली, आणि आपले टाके लोकांना दिसावेत म्हणून वर अभ्रा घातलाच नाही. पण गंगाखेडहून पालमला निघालेल्या टेम्पोत कुणीतरी त्या उशा नेमक्या तेलाच्या डब्याला टेकवून ठेवल्या. पालमला उतरल्यावर एका उशीवर भाकरीएवढा डाग पडलेला. मांडवात आंदण मांडलं तेव्हा मामानं ती बाजू भिंतीकडं केली होती, पण माझ्या आत्याची नजर घारीची. नवऱ्यामुलाची एकुलती एक बहीण ती. तिनं उशी उचलली, उलटीपालटी केली आणि भरल्या मांडवात विचारलं, "आगं बाई, ही उशी नवी हाय का कुणाच्या डोक्याखालची वढून आणली?"

मांडव हसला. मामा त्या दिवशी जेवलाच नाही, असं आई सांगते. मामा म्हणतो, "जेवलो व्हतो. जिलबी तेवढी घेतली न्हाई." आईनं ती डागाची उशी स्वतःला घेतली आणि चांगली माझ्या वडिलांना दिली. पुढं मामा दरवर्षी पालमला येऊन त्या उशीचा कापूस पिंजून द्यायचा आणि दरवर्षी म्हणायचा, "अक्का, खोळ तरी बदलू दे." आई म्हणायची, "ऱ्हाऊ दे रे. डागानं काय झोप मोडती व्हय?" आईची मोडत नव्हती. मामाची मोडत होती.

माझी सोयरीक जमली तशी त्यानं कंबर कसली. भाचीच्या आंदणातली उशी अशा वेष्टनात जाईल की ती चारी बाजूंनी दिसेल, पण तिला तेल, धूळ आणि आत्या यांतलं काहीही लागणार नाही, अशी त्यानं प्रतिज्ञाच केली. टेबलावर अंथरायचं काचेसारखं आरपार दिसणारं जाड प्लास्टिक परभणीहून आणलं, चेन आणली, बॅगेचे बंद आणले. या वस्तूला तो शोकेस म्हणायचा. मामीनं एकदा चुकून पिशवी म्हटलं तर दोन दिवस बोलला नाही.

प्लास्टिकवर मशीनचा पाय चिकटतो, सरकत नाही. गल्लीतल्या शिंप्यानं तेलाचं बोट लावायचा सल्ला दिला आणि मामानं त्याला चहा अर्धा ठेवून उठायला लावलं. तेलाऐवजी त्यानं टाल्कम पावडर वापरली. ते सहा महिने कारखान्याला न्हाऊ घातलेल्या तान्ह्या बाळासारखा वास यायचा. पहिली शोकेस त्यानं अगदी हवाबंद केली आणि कौतुकानं दारात मांडली. मे महिन्यातलं आमच्याकडचं ऊन ते. दुपारपर्यंत आतून वाफ धरली आणि उशी दिसेनाशी झाली. मामी म्हणाली, "उशीला घाम सुटलाय तुमच्या. वारा घाला जरा." मामानं रागानं तिच्याकडं बघितलं, पण वारा हा शब्द डोक्यात घेतला. दाभण तापवून खाली भोकं पाडली, तर त्यातून मुंग्या आत गेल्या आणि चार दिवस उशीवर ऐसपैस राहिल्या. मग भोकांना आतून मच्छरदाणीचे तुकडे लावले. एवढं सगळं जुळल्यावर विक्रीच्या उशाही त्यानं शोकेसमध्ये मांडल्या, तर गिऱ्हाइकं अडून बसली.

आपल्याकडचा माणूस दाबून पाहिल्याशिवाय काही घेत नाही. वांगं दाबतो, पेरू दाबतो, घर घेताना भिंतसुद्धा दाबून बघतो. उशी नुसती बघून कोण घेणार? म्हणून मामानं शोकेसला बाजूनं मनगटाएवढी खिडकी ठेवली. हात घाला, दाबा, हात काढा. कल्पना झकास होती. पण पोखर्णीची एक बाई लेकीच्या लग्नासाठी उशा बघायला आली, तिनं हात घातला, मनसोक्त दाबलं, आणि डझनभर बांगड्यांमुळं तो हात काही बाहेर येईना. मामाला शोकेस कापवेना, बाईला बांगड्या फोडवेनात. लेकीच्या लग्नाचा अपशकुन नको. मामीनं तिला तशाच अवस्थेत चहा पाजला. शेवटी साबणाच्या पाण्यानं सुटका झाली. बाई उठताना म्हणाली, "उशी लय मऊ हाय, भाऊ. पर हे लग्नाच्या आधीच अडकवायलाय." पुढच्या शोकेसला मामानं कोपरभर खिडकी ठेवली आणि वर कापडी झडप लावली.

तयार झालेली शोकेस प्रवासात टिकते का, हे बघायला तो एकदा ती मांडीवर घेऊन एसटीनं पालमला आला. उशी घेऊन एसटीत बसलेला माणूस आमच्या भागात एकाच ठिकाणी चाललेला असतो. शेजारच्यानं हळहळून विचारलं, "कोन ॲडमिट हाय, मामा?" मामानं सांगितलं, कुणी न्हाई. पुढच्या बाकावरच्या आजी वळल्या, "आपरेशन कुनाचं हाय, लेकरा?" मामानं पुन्हा सांगितलं. कंडक्टरनं तिकीट देताना आवाज खाली आणून विचारलं, "जास्त सीरियस हाय का?" तेव्हा मामा वैतागून म्हणाला, "ही उशीच पेशंट हाय. म्हनून काचंत ठेवलीय." त्यानंतर पालमपर्यंत सगळे त्याच्यापासून जरा सरकून बसले. उतरताना मात्र आजींनी त्याच्या हातावर दोन केळी ठेवली.

लग्नाच्या दिवशी आंदणाच्या मधोमध एका टेबलावर माझ्या दोन उशा दोन शोकेसमध्ये उभ्या होत्या. खरं सांगते, माझ्यापेक्षा त्यांचे फोटो जास्त निघाले. अंतरपाट धरायची वेळ आली, नवरीला आणायला मामा हवा, आणि मामा टेबलापाशी दस्तीनं शोकेस पुसतोय. तेवढ्यात आत्या आली. तिनं टेबलाभोवती एक फेरी घातली, चष्मा वर केला, झडपेतून हात घातला आणि उशी दाबली. मामा श्वास रोखून उभा. किती वर्षं तो या क्षणाची वाट बघत होता. आत्या म्हणाली, "मामा, हे बेस केलं बघा. आमच्या वक्ताला आसं कुटं व्हतं? मला बी दोन करून द्या." आपण कधीकाळी काय बोललो होतो, हे ती साफ विसरून गेली होती. मामा दस्ती खांद्यावर टाकत म्हणाला, "देतो, आत्याबाई." बस. जिंकल्यावर काय करायचं असतं, ते त्यानं ठरवलंच नव्हतं. त्या दिवशी त्यानं जिलबी मात्र तीनदा मागून घेतली.

तिथून शोकेसचं नाव झालं. गंगाखेड, पालम, पार सोनपेठपर्यंतच्या लग्नांत मामाच्या उशा मिरवू लागल्या. मामा खूश होता. मीही खूश होते, फक्त एक गोष्ट मी त्याला कधी सांगितली नव्हती.

ती त्याला गेल्या वर्षी कळली. डोळे तपासायला तो परभणीला आला होता आणि दुपारी माझ्या घरी जेवायला थांबला. ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी आणि ठेचा पोटभर झाल्यावर म्हणाला, "जरा आडवा होतो, माय." मी बाजारातून आणलेली फोमची उशी पुढं केली. त्यानं ती हातात घेतली, दाबली आणि माझ्याकडं बघितलं. मग त्याची नजर कपाटावर गेली. तिथं त्याच्या दोन्ही शोकेस जशाच्या तशा उभ्या होत्या. लग्नाला सहा वर्षं झाली होती. मी दर आठवड्याला त्या ओल्या फडक्यानं पुसत होते, आलेल्या-गेलेल्याला दाखवत होते, आणि उशी एकदाही बाहेर काढली नव्हती.

"मामा, इतकं सुंदर केलंस तू," मी चाचरत म्हटलं, "काढून खराब करायला जीव होत नाही रे." आम्ही टीव्हीच्या रिमोटची पन्नी काढत नाही, ही तर मामानं शिवलेली शोकेस. मामा खुर्चीत बसला. "सगळ्यांच्या घरी आसंच हाय," तो म्हणाला. "पाव्हण्याला उशी दाखिवतात आन् दुसरी देतात. मला वाटलं, भाची तरी..."  मग स्वतःशीच म्हणाला, "डोक्याखाली जायाला केली व्हती, माय. कपाटावर बसायला न्हाई. अक्काची तेवढी वापरली गेली बघ. डाग व्हता म्हनून."

मला फार लाज वाटली. मी स्टुलावर चढले आणि एक शोकेस खाली काढली. चेन गंजून अडकली होती. ती मामानंच मेणबत्ती घासून उघडली. मी उशी पलंगावर ठेवली. मामानं सवयीनं खांद्यावरची दस्ती काढून तिच्यावर पसरली. मी ती ओढून घेतली.

"आगं, तेल लागंल ना!"

"लागू दे."

"पांढरी हाय, माय. धुतलं तरी निघायचं न्हाई."

"नको निघू दे. झोप तू."

त्यानं आधी टाळूवरून तळवा फिरवून पाहिला. मग पाण्यात पाय घालावा तसं हळूहळू डोकं टेकवलं आणि पाच मिनिटांत असा घोरायला लागला की शेजारणीनं दार वाजवून मिक्सर कधी बंद होणार म्हणून विचारलं. चारच्या गाडीनं तो गेला. उशीवर मधोमध भाकरीएवढा डाग होता.

आता मामानं कारखान्यात नवा नियम केलाय. गिऱ्हाइकानं उशी पसंत केली की तो स्वतः चेन उघडतो, उशी बाहेर काढतो, तिला दोन थापट्या देतो आणि म्हणतो, "घ्या, झाली जुनी. आता वापरा." शोकेस दुकानातच राहते. लोक कुरकुरतात, काहीजण तर उशी नको पण शोकेस द्या म्हणतात, आणि धंदा पहिल्यासारखा चालत नाही. मामीचं म्हणणं, या माणसाला पुन्हा कुणीतरी हसायला हवं, म्हणजे काहीतरी नवं सुचेल. मामा हल्ली लवकर थकतो. कापूस पिंजताना मधेच थांबतो. भुवया होत्याच पांढऱ्या, आता डोकंही तसंच झालंय. तेल मात्र तेवढंच.

परवा आई आली होती. दुपारी तिला आडवं व्हायचं होतं, म्हणून मी अभ्रे बदलत होते. तिला तो डाग दिसला.

"हे कुनाचं गं?"

"तुझ्या भावाचं."

आईनं डागावरून हात फिरवला. मी नवा अभ्रा घेऊन उभी होते, पण ती काही उशी सोडेना. "माज्या लग्नात आसं कुनी म्हनलं व्हतं त्याला," ती म्हणाली, "कुनाच्या तरी डोक्याखालची म्हनून." मग तिनं ती तशीच, बिनअभ्र्याची डोक्याखाली घेतली, भिंतीकडं तोंड केलं आणि डोळे मिटले. मला त्या दुपारी फोमची उशी मिळाली.