टेप ती टेपच

थोरला भाऊ फौजेत होता. सीमेवर बर्फाखाली दबून गेला. काही दिवसांनी त्याच्या पलटणीतला एक जवान आष्ट्याजवळच्या आमच्या घरी त्याची ट्रंक घेऊन आला. ट्रंकेत बशीएवढ्या चकतीवर गुंडाळलेली टेप होती.

"ह्यात त्यो तुमच्यासंगं बोललाय," जवान म्हणाला. "पर आबा, हिला मोठं मशीन लागतं. सांगलीला रेडिओवाल्याकडं असंल. घरच्या कॅसेटवर लावू नगा."

आमच्या वडलांना, आबांना, कोणी नको म्हटलं की ते करायचेच. जवानाची पाठ वळली आणि भावानंच सुट्टीत आणलेला टेपरेकॉर्डर त्यांनी ओट्यावर घेतला. भजनाची कॅसेट सुऱ्यानं उचकटली, आतली टेप उपसून टाकली आणि चकतीवरची तिच्यात गुंडाळायला बसले. ती मावेना, जवळजवळ दुप्पट रुंद होती.

"टेप ती टेपच. ऊस तोंडात मावंना तर चिरून खातोच की!" असं म्हणत आबा दाढीच्या ब्लेडनं ती उभी चिरायला लागले.

आईनं त्यांचा हात धरला. आबांनी तिला अशी ढकलली की कपाळ उंबऱ्यावर आपटलं. मी त्यांच्या पाठीत बुक्के घातले, तर माझ्याही कानशिलात बसली.

"माजं पोर चिरू नगा, आवं!" आई रक्त पुसत ओरडत होती.

चिरून झालेली वरची टेप आबांनी कॅसेटमध्ये भरून लावलीच; मशीननं ती चावली, थोडी खरखर केली आणि बंद पडलं. आबांनी कुऱ्हाडीनं त्याचा चेंदामेंदा केला. ते घाव त्यांच्याच हातावर बसावेत असं मला वाटत होतं, आजही वाटतं.

चकतीवर उरलेली टेप आईनं पदराखाली घेतली आणि सकाळी मला घेऊन सांगलीची एस.टी. धरली. आबा मुकाट मागून आले. रेडिओवाल्यानं चकती मोठ्या मशीनवर चढवली. भाऊ लगेच बोलला, अगदी शेजारी बसल्यासारखा.

"...बास आबा, येवढं फकस्त तुमाला सांगायचं हुतं. आता आये, तुज्याशी बोलतो."

आई रडता रडता हसली. आबांनी रेडिओवाल्याची गचांडी धरली.

"मागं घे! मागं घे की रं!"

"मागं काय न्हाईच, आवं. हितनंच सुरू हाय."

आबांनी गचांडी सोडली आणि त्याच हातानं स्वतःच्या तोंडात मारत सुटले. मी अडवलं नाही. आईनं अडवलं.