पोळ्याच्या तोरणाखाली डोमाजीचा हात

डोमाजीच्या अंगावर सात व्रण होते आणि सातांच्याही हकीकती तो न विचारता सांगायचा. कपाळावरचा धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या भांडणातला. तेव्हा त्याच्या गावाहून, बोरखडीहून, अमरावतीला जायला नुसती गाडीवाट होती. डोकं फुटलं तर हळद दाबून उजाडायची वाट बघत पडायचं. कोपरावरचा टँकरच्या रांगेतला. शहर वाढत वाढत गावाला येऊन भिडलं, घरं उठली, विहिरी आटल्या आणि माणसं बादल्यांनी एकमेकांना बडवू लागली. डोमाजीने बादलीच्या एका फटक्यात दोन दात पाडले. एक समोरच्याचा, एक स्वतःचा. हे सांगताना तो मुद्दाम मोठ्याने हसायचा, म्हणजे रिकामी जागा नीट दिसावी.

पण शहराने वाटोळं केलं, असं काही तो म्हणायचा नाही. सहा एकर वावर प्लॉटच्या लेआउटमध्ये गेलं, त्यातून स्लॅबचं घर झालं. मुलगा अनुप शिकवणी वर्गात गणित शिकवू लागला. बायकोच्या, पंचफुलाबाईच्या छातीत कळ आली तेव्हा ऑटोने तिला बारा मिनिटांत दवाखान्यात पोचवलं. "जुनं गाव असतं तं माही बुढी वाटेतच गेली असती," हे तो तिच्यासमोरच सांगायचा, आणि ती त्याला लाटणं दाखवायची.

उरले होते दोन एकर आणि एक बैलजोडी, पाखऱ्या आणि चांद्या. अनुपला ती जोडी नको होती. गोठ्याला लागून तिमजली इमारत झालेली, शेणाच्या वासाची रोज तक्रार. त्यात दर पोळ्याला बापाची मारामारी ठरलेली. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी डोमाजी बैलांच्या खांद्याला लोणी-हळद चोळत होता. "आज आवतण घ्या, उद्या जेवाले या," असं त्यांच्या कानात सांगत होता. तेवढ्यात अनुप गोठ्याच्या दारात येऊन उभा राहिला.

"बाबा, सांगून ठेवतो. उद्या तुमी हात उचलला, तं परवा जोडी इकतो. मागच्या साली ठाण्यात चार तास मी बसलो होतो, तुमी नाई."

"अन् त्यायनं उचलला तं?"

"तरी नाई."

डोमाजीने पाखऱ्याच्या पाठीवर हात ठेवून शब्द दिला.

पूर्वी पोळा आखरावर भरायचा, गुरं जमायच्या मोकळ्या जागेत. तिथे आता कॉलनी होती आणि तिचं लोखंडी फाटक. म्हणून तोरण भर रस्त्यावर बांधलेलं, विजेच्या खांबापासून मोबाइलच्या दुकानाच्या पाटीपर्यंत. तोरणाखाली पहिली जोडी डोमाजीच्या घरची, हा चार पिढ्यांचा मान. यंदा त्या मानावर गावातल्याच बंडूचा डोळा होता. बंडूने सगळी जमीन विकून प्लॉटचा धंदा मांडलेला. घरी शेळीसुद्धा नाही. पण निवडणूक लढवायची होती, म्हणून त्याने भाड्याने जोडी आणली. शिंगांना विजेच्या माळा, मागे डीजेची गाडी.

"सरक बुढ्या, मानाची जोडी येऊन राहिली."

"तुह्या बैलाचं नाव सांग, मंग सरकतो."

बंडूला नाव कुठलं माहीत! लोक खदखदले. डोमाजीला तेवढंच हवं होतं. पोळ्याला टोमणे मारत ज्या झडत्या म्हणतात, त्यातली एक त्याने तिथल्या तिथे रचून ठोकली:

"वावर इकलं, इहीर इकली, इकली हातची काठी,
भाड्याचे बैल आणले बंड्यानं फुकटच्या मानासाठी,
एक नमन गौरा पार्बती, हर बोला, हर हर महादेव!"

बंडूने त्याच्या कानाखाली ओढली. फेटा उडून दुभाजकावर पडला. डोमाजीची मूठ वळली आणि त्याने ती धोतराच्या सोग्यात गुंडाळून टाकली. दुसरी थप्पड बसली. ओठ फाटला. त्याने रक्त गिळलं. पंचफुलाबाईला रडू फुटलं. बेचाळीस वर्षांत असा नवरा तिने पाहिलाच नव्हता.

मग डीजे दणाणला. पाखऱ्या बिथरून बंडूच्या गाडीवर आदळला, आणि बंडूने गाडीवरच्या झेंड्याचा बांबू उलटा धरून त्याच्या नाकाडावर हाणला.

पोळ्याच्या दिवशी बैलावर काठी! वर्षभर जू ओढणाऱ्या जनावराला त्या दिवशी कोणी बोटसुद्धा लावत नाही.

डोमाजीचा हात सोग्यातून सुटला. पहिल्या ठोशात बंडूचं नाक बसलं, दुसऱ्यात तो डीजेच्या पेट्यांवर जाऊन पडला. त्याची माणसं धावली. बांबू, पट्टे, रस्त्याच्या कामाची गिट्टी, मिळेल ते चाललं. डोमाजीची बरगडी कडाडली, भुवई उघडली. खाली पडला तरी एकाची पोटरी त्याने दातांत धरून ठेवली होती, जे उरले होते त्या दातांत. भाड्याचे बैल माळा ओढत मोबाइलच्या दुकानात शिरले. पाखऱ्या-चांद्या मात्र सवयीने आखराच्या वाटेला लागले, त्यांनी फाटक बिजागऱ्यांसकट पाडलं आणि ते कॉलनीच्या हिरवळीवर चरू लागले.

आठ मिनिटांत रुग्णवाहिका आली. दवाखान्यात डोमाजीच्या भुवईला नऊ टाके पडले. पलीकडच्या खाटेवर बंडू कण्हत होता.

डोमाजी छताकडे बघत म्हणाला, "अनुप, घेऊन जाय जोडी. शब्द मोडला म्या."

अनुप दारात उभा, उजवा हात पाठीमागे. पंचफुलाबाईने तो ओढून पुढे आणला. बोटांची सालं निघालेली, मनगट सुजून टम्म.

"हे काय रे, मास्तर?"

"त्यानं पाखऱ्याले मारलं न, मंग मले काईच दिसलं नाई."

डोमाजी बरगडी विसरून उठून बसला. "किती पाडले?"

"दोन पक्के. तिसऱ्याची खात्री नाई."

"अबे तिसरा मीच!" पलीकडून बंडू ओरडला. "नाक बुढ्यानं फोडलं, दात त्वा पाडला!"

"अन् जोडी?" पंचफुलाबाईने विचारलं.

"आता कोन्या तोंडानं इकू?" अनुप पुटपुटला. ती उठली आणि घरून पुरणपोळीचं ताट घेऊन थेट कॉलनीच्या हिरवळीकडे निघाली. आवतण दिलेलं, बैलांचं जेवण राहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी ठाण्यात बाप-लेक एकाच बाकावर चार तास बसले. अनुपने मान वर केली नाही. डोमाजी मात्र त्याचा सुजलेला हात धरून समोरच्या शिपायाला सांगत होता, "हा पाहा, साहेब. याची गोष्ट अशी झाली..."